भावाच्या हाती लागलेली लाल मस्टँग : विद्यार्थ्यांसाठी घडवलेल्या एका जुन्या इलेक्ट्रिक गिटारविषयी

तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडतो, म्हणजे इतर वाचणाऱ्यांनाही संदर्भ लागेल. तुमची मुलगी बारा वर्षांची आहे. वर्षभर ती नेहमीच्या मोठ्या अकूस्टिक गिटारवर शिकतेय आणि एफ कॉर्ड काही केल्या बसत नाही. न्यू जर्सीत राहणाऱ्या तुमच्या भावाला शेजारच्या निवृत्त संगीतशिक्षिकेच्या सामानात एक लाल फेंडर मस्टँग मिळाली. ती १९६६ची असल्याचं त्या घरचे सांगतात आणि भाऊ ती दिवाळीला नाशिकला घेऊन येणार आहे. तुम्ही एका ओळखीच्या माणसाला फोटो दाखवले, तर तो म्हणाला, ‘ही विद्यार्थ्यांची गिटार, मूळची स्वस्तातली. पिकअप बदला, ट्रेमोलो कायमचा बंद करा, रंग नवा मारा, मग वाजवण्याजोगी होईल.’ (पिकअप म्हणजे तारांचं कंपन टिपून त्याचं विजेत रूपांतर करणारा भाग, आणि ट्रेमोलो म्हणजे दांडीने सूर खाली-वर करणारी यंत्रणा.) असं करावं का, हे तुम्ही विचारलंय.

करू नका. तिन्हींपैकी एकही करू नका.

गेली पंचवीस वर्षं मी गिरगावात गिटारी दुरुस्त करतोय. मस्टँग आणि तिच्या बहिणी आपल्याकडे क्वचितच येतात. ज्या माझ्या टेबलावर आल्या, त्यांतल्या निम्म्यांचं नुकसान कुणीतरी ‘सुधारणा’ करूनच केलं होतं. एका निळ्या मस्टँगच्या बॉडीत मोठे पिकअप बसवायला पटाशीने इतकं लाकूड उडवलं होतं की मूळचे पिकअप परत बसवायला कड्याच शिल्लक नव्हत्या. ते लाकूड परत आणता येत नाही. म्हणून हे उत्तर जरा लांबणार आहे. ही गिटार अशी का घडवली हे कळलं, की तिला काय करायचं नाही हे आपोआप कळेल.

सुरुवात १९५६ पासून करावी लागते. कॅलिफोर्नियातल्या फुलर्टन गावचे लिओ फेंडर मूळचे रेडिओ दुरुस्त करणारे. त्यांना स्वतःला गिटार वाजवता येत नव्हती, त्यामुळे ते वाजवणाऱ्यांना विचारून, त्यांचं ऐकून वाद्य घडवत. त्यांच्या टेलिकास्टर आणि १९५४ची स्ट्रॅटोकास्टर या इलेक्ट्रिक गिटारी बाजारात स्थिरावल्या, तेव्हा अमेरिकेतल्या शिकवणीच्या क्लासांमधून वेगळी मागणी होती. लहान मुलांच्या हाताला पेलेल आणि आईवडिलांच्या खिशाला झेपेल अशी गिटार त्यांना हवी होती. त्यातून १९५६ साली म्युझिकमास्टर आणि ड्युओ-सोनिक आल्या. पहिलीला एक पिकअप, दुसरीला दोन. फिकट वाळूसारखा रंग, सोनेरी मुलामा दिलेली ॲल्युमिनियमची पिकगार्ड (बॉडीवरची पातळ संरक्षक पट्टी) आणि तारेची लांबी अवघी साडेबावीस इंच.

मग आलं १९६४. त्या वर्षीच्या ९ फेब्रुवारीला बीटल्स अमेरिकन दूरचित्रवाणीवर एड सलिव्हनच्या कार्यक्रमात वाजवून गेले. सुमारे ७ कोटी ३० लाख लोकांनी ते पाहिलं आणि घरोघरच्या पोरांना इलेक्ट्रिक गिटार हवी झाली. त्याच वर्षीच्या ऑगस्टमध्ये फेंडरने मस्टँग आणली. म्युझिकमास्टर आणि ड्युओ-सोनिकचं रूपही मग तिच्यासारखंच केलं. पुढे १९६५च्या जानेवारीत लिओंनी कंपनी सीबीएस या प्रसारण कंपनीला १ कोटी ३० लाख डॉलरला विकली. म्हणजे तुमच्याकडे येणारी गिटार खरोखर १९६६ची असेल, तर आराखडा लिओंच्या काळातला आणि घडण सीबीएसच्या काळातली. सीबीएसचं नाव ऐकलं की जुन्या गिटारींचे शौकीन नाक मुरडतात. सत्तरच्या दशकातल्या मालाबद्दल त्यात तथ्य आहे, पण १९६६ साली कारखान्यात बरेचसे तेच कारागीर होते.

आता ‘स्वस्तातली’ या शब्दाकडे येतो. पैसा कुठे वाचवलाय ते नीट पाहा. स्ट्रॅटोकास्टरला छातीशी आणि कोपराशी जे उतार दिलेत, ते सुरुवातीच्या मस्टँगला नाहीत. बॉडी पाटासारखी सपाट आहे. खुंट्यांची टोकं पांढऱ्या प्लास्टिकची आहेत. पिकअपवर साधी बंद झाकणं आहेत. आता कुठे वाचवलेला नाही तेही पाहा. नेक, म्हणजे गिटारची मान, मेपलचीच आणि चार स्क्रूंनी बसवलेली, फ्रेटबोर्ड रोजवूडचाच, फ्रेट (त्यावरच्या धातूच्या आडव्या पट्ट्या) ही तसेच. ट्रेमोलोची यंत्रणा तर खास तिच्यासाठी नव्याने आखलेली. मिरजेचे कारागीर जनानी तंबोरा घडवतात, तो मर्दानी तंबोऱ्याची हलकी आवृत्ती म्हणून घडवत नाहीत. गाणाऱ्याचा सूर वेगळा, म्हणून माप वेगळं. मस्टँगकडे मी त्याच नजरेने पाहतो.

या गिटारचं मर्म मापात आहे, त्यामुळे इथे थोडा थांबतो. स्ट्रॅटोकास्टरच्या तारेची वाजती लांबी साडेपंचवीस इंच, म्हणजे सुमारे ६४८ मिलिमीटर. मस्टँग दोन मापांत मिळे : २४ इंच, म्हणजे ६१० मिलिमीटर, आणि साडेबावीस इंच, म्हणजे ५७२ मिलिमीटर. कुठली आहे हे कळायला मोजपट्टीही लागत नाही, फ्रेट मोजा. २२ फ्रेट असतील तर २४ इंची, २१ असतील तर साडेबावीस इंची. तुम्ही पाठवलेल्या फोटोत मी २२ मोजले. मला आनंद झाला, कारण ती मुलीला मोठेपणीही पुरेल.

लांबी कमी झाल्याने दोन गोष्टी बदलतात. पहिली, फ्रेटमधलं अंतर. पहिला फ्रेट स्ट्रॅटोकास्टरवर नटपासून (नेकच्या वरच्या टोकाला तारा टेकतात ती पट्टी) साधारण ३६.४ मिलिमीटरवर येतो, २४ इंची मस्टँगवर ३४.२ वर आणि साडेबावीस इंचीवर ३२.१ वर. दोन मिलिमीटर ऐकायला काहीच वाटत नाहीत, पण कॉर्ड धरताना बोटं तीन-चार फ्रेटांवर पसरलेली असतात आणि तो फरक साठत जातो. दुसरी गोष्ट त्याहून मोठी : तारेचा ताण. तार तीच आणि सूर तोच असेल, तर ताण लांबीच्या वर्गाच्या प्रमाणात बदलतो. दहा नंबरची (०.०१० इंच जाडीची) पहिली तार साडेपंचवीस इंचांवर सुमारे ७.३ किलोच्या ताणावर असते. २४ इंचांवर ती साडेसहावर येते, साडेबावीस इंचांवर ५.७ वर. म्हणजे २४ इंची मस्टँगवर प्रत्येक तार जवळपास ११ टक्के सैल. एफ कॉर्ड धरताना तर्जनी एकाच वेळी सहाही तारा दाबते. तुमच्या मुलीचं बोट नेमकं तिथेच हरतंय.

माझ्याकडे शिकवणीची मुलं तारा बदलायला येतात. दोन वर्षांपूर्वी अकरा वर्षांची एक मुलगी आली होती आणि तिचीही तक्रार हीच. माझ्या टेबलावर एका गिऱ्हाईकाची १९६५ची मस्टँग तयार होऊन पडली होती. गिऱ्हाईकाला फोनवर विचारून ती तिच्या मांडीवर ठेवली. पहिल्या खेपेला दोन तारा मुक्या राहिल्या. दुसऱ्या खेपेला मी तिचं कोपर थोडं अंगाकडे ओढलं आणि सहाच्या सहा तारा वाजल्या. तिने तोच कॉर्ड न थांबता बारा-पंधरा वेळा वाजवला. लहान माप काय करतं हे समजावून सांगायला मला याहून चांगलं उदाहरण सापडलेलं नाही.

सैल ताणाचा एक तोटाही आहे. बारीक तारा लावल्या तर सर्वांत जाड तार लपलपते, फ्रेटवर खडखडते आणि जोरात छेडली की सूर चढतो. म्हणून ‘मुलीसाठी आठ नंबरच्या लावा’ असं कुणी म्हणालं तर ऐकू नका. २४ इंचांवर दहा नंबरचा संच लावा. साल-दोन सालांत हात तयार झाला की अकराचा लावा. त्यावर ही गिटार जास्त खुलते.

आता पिकअप. दोन्ही तिरके बसवलेले आहेत. दोघांच्या वर, जाड तारांच्या बाजूला, दोन लहान सरकती बटणं आहेत. पहिल्यांदा पाहणाऱ्याला ती कोड्यात टाकतात. प्रत्येक बटण मध्ये असलं की तो पिकअप बंद. डावीकडे किंवा उजवीकडे सरकवलं की चालू. मग दोन बाजू कशाला? एकच पिकअप चालू असेल तर दोन्ही बाजूंना आवाज सारखाच येतो. दोन्ही चालू असतील आणि बटणं एकाच दिशेला असतील, तर दोघांचे आवाज एकमेकांना पुष्टी देतात आणि भरीव सूर मिळतो. एक डावीकडे, एक उजवीकडे केलं की एका पिकअपची फेज, म्हणजे त्याच्या लहरींची दिशा, उलटते. खालचे सूर बरेचसे एकमेकांना खाऊन टाकतात आणि उरतो तो बारीक, नाकातून आल्यासारखा आवाज. एकट्याने ऐकला तर ‘काहीतरी बिघडलंय’ असं वाटतं, आणि खूप जण हाच दोष समजून पिकअप बदलायला निघतात. तुमच्या ओळखीच्या माणसालाही बहुधा तसंच वाटलं असेल. पण ड्रम आणि बेसच्या जोडीला तो बारीक आवाज ऐका. दोघांच्या मधून वाट काढत तो स्वच्छ ऐकू येतो. फंकच्या तालाला तर फारच शोभतो. १९६४च्या गिटारवर, तीही विद्यार्थ्यांच्या, ही सोय कारखान्यातूनच मिळत होती याचं मला आजही अप्रूप वाटतं. त्या काळच्या स्ट्रॅटोकास्टरलाही ती नव्हती.

बटणं सरकवताना खर्रकन आवाज आला किंवा एखादा पिकअप मधूनच गेला, तर पिकअप खराब आहे असं लगेच ठरवू नका. साठ वर्षांची धूळ आणि तांब्यावरचा थर बटणात साचलेला असतो. पिकगार्डचे स्क्रू काढा, ती अलगद उचला, बटणाच्या फटीत कॉन्टॅक्ट क्लीनरचे दोन फवारे द्या आणि बटण पन्नास वेळा इकडून तिकडे करा. दहापैकी सात-आठ वेळा काम तेवढ्यावरच भागतं.

ट्रेमोलोबद्दल मात्र सबुरी हवी. फेंडरने त्याला ‘डायनॅमिक व्हायब्रेटो’ म्हटलं. तारा एका गोल आडव्या दांड्याला अडकवलेल्या असतात आणि तो दांडा दोन खांबांवर तोललेला असतो. चकाकत्या पत्र्याखाली दोन स्प्रिंगा त्या खांबांना उलट्या बाजूने ओढून धरतात. हाताची दांडी दाबली की सूर उतरतो, उचलली की चढतो. खरी मजा ब्रिजमध्ये, म्हणजे बॉडीवर तारा टेकतात त्या भागात आहे. त्याचे पाय बॉडीत घट्ट बसवलेले नसून दोन टोकदार स्क्रूंवर उभे असतात. दांडी हलली की ब्रिज तारांबरोबर किंचित डोलतो आणि पुन्हा जागेवर येतो. तार खोगिरावर (ब्रिजवरच्या तिच्या टेकूवर) घासत नाही, म्हणून सुरात परत येते. हे डोलणं ज्याला माहीत नाही, त्याला ब्रिज ‘सैल’ वाटतो आणि तो चिकटवून टाकतो.

घरी करता येईल अशी एक साधी तपासणी सांगतो. गिटार सुरात लावा आणि ब्रिजकडे बाजूने, डोळ्याच्या पातळीवर पाहा. तो सरळ उभा असायला हवा. नव्या तारा ताणताना तो बहुतेकदा नेककडे झुकतो आणि तसाच राहतो. मग दांडी वापरली की प्रत्येक वेळी वेगळ्या जागी थांबतो आणि सगळी गिटार बेसूर. तारा थोड्या सैल करा, ब्रिज दोन्ही हातांनी मागे घेऊन सरळ उभा करा, नटच्या खाचांत मऊ पेन्सिलीचं शिसं भरा आणि पुन्हा सुरात लावा. तरीही राहत नसेल तर दांड्याचे दोन्ही खांब एकाच उंचीवर आहेत का ते पाहा. माझ्याकडे ‘ट्रेमोलो बिघडलाय’ म्हणून आलेल्या मस्टँगमध्ये दोष बहुधा एवढाच निघाला. या ब्रिजची आणखी एक खूण म्हणजे त्याची खोगिरं वेगवेगळ्या जाडीची आणि फ्रेटबोर्डच्या गोलाईला जुळवलेली असतात. एकेका तारेची उंची वेगळी बदलत नाही. पूर्ण ब्रिज वर-खाली होतो. फेंडरच्याच जॅझमास्टर आणि जॅग्वार या गिटारी वाजवणारे कित्येक जण स्वतःच्या महागड्या गिटारीवर मस्टँगचा ब्रिज आवर्जून बसवतात. विद्यार्थ्यांच्या गिटारचा सुटा भाग वरच्या दर्जाच्या गिटारवर जातोय, यातून काय ते समजा.

साल कसं ओळखायचं? नेक जिथे बॉडीला जोडलीय, तिथे मागे धातूची चौकोनी पट्टी आहे. तिच्यावरच्या आकड्याने अंदाज येतो, खात्री होत नाही, कारण पट्ट्या पेटीतून हाताला लागतील तशा लावल्या जात. १९६५च्या अखेरीपासून त्या पट्टीवर मोठा ‘एफ’ दिसू लागतो. खात्रीचा पुरावा नेकच्या टाचेवर, स्क्रू काढल्यावर दिसतो : महिना, साल आणि शेवटी एक अक्षर. ते अक्षर नटपाशी नेक किती रुंद हे सांगतं. ए म्हणजे दीड इंच, बी एक पूर्णांक पाच अष्टमांश, सी पावणेदोन. बी नेहमीचं. ए असेल तर तुमच्या मुलीला आणखी सोपं जाईल. तिसरा पुरावा आवाजाच्या पॉटवर, म्हणजे आवाज कमी-जास्त करायच्या बटणाखालच्या फिरत्या सुट्या भागावर असतो. समजा त्यावर १३७६६२३ असं आहे. १३७ ही सीटीएस या पॉट बनवणाऱ्या कंपनीची खूण, ६६ म्हणजे १९६६ आणि २३ म्हणजे तेविसावा आठवडा. गिटार त्याआधीची नाही एवढं यावरून नक्की होतं. पण नंतरची असू शकते. सीबीएसने १९६६ साली पॉट प्रचंड संख्येने घेऊन ठेवले होते आणि ते १९६९ पर्यंतच्या गिटारींत सापडतात. तेव्हा फक्त पॉट पाहून १९६६ म्हणू नका, नेकवरचा शिक्का पाहा. कसंही करून नेक एकदा काढावीच लागणार आहे, कारण आतली ट्रस रॉड (नेकचा बाक सांभाळणारी धातूची कांब) फिरवायची जागाही टाचेकडेच आहे. अमेरिकेतल्या हिवाळ्यात हीटरच्या कोरड्या हवेत राहिलेलं लाकूड नाशिकचा पावसाळा सोसेल तेव्हा नेक थोडी हलणारच. पहिला आणि शेवटचा फ्रेट दाबून धरा आणि सातव्या-आठव्या फ्रेटवर तारेखाली व्हिजिटिंग कार्ड सरकवा. ते जेमतेम सरकलं तर ठीक. खूप फट असेल किंवा मुळीच नसेल, तर जाणकाराकडे न्या. ट्रस रॉड पहिल्यांदा स्वतः फिरवू नका.

रंगाविषयी एकच सांगतो. लाल, निळा आणि पांढरा हे मस्टँगचे सुरुवातीचे रंग. तुमच्या फोटोतला लाल कडांना विटकरी झालाय आणि कोपराच्या जागी उडून खालचं लाकूड दिसतंय. तो साठ वर्षं वाजवलेल्या हातांचा माग आहे. १९६९ साली ‘कॉम्पिटिशन’ मस्टँग आली, शर्यतीच्या गाडीसारखे पट्टे आणि अंगाला बसणारे उतार घेऊन. १९८२ साली मस्टँग बंद झाली. त्या सुमारास अमेरिकेत ती सेकंडहँड दुकानांत हलक्या भावात पडून असे आणि नेमक्या त्याच वेळी पैसे नसलेल्या तरुण वादकांनी ती उचलली. ‘निर्वाणा’ या रॉक बँडचा कर्ट कोबेन त्यांतला सर्वांत प्रसिद्ध. त्याची १९६९ची निळी कॉम्पिटिशन मस्टँग २०२२च्या मे महिन्यात लिलावात सुमारे ४५ लाख डॉलरला गेली. जपानमध्ये ‘चार’ (Char) या नावाने ओळखल्या जाणाऱ्या वादकाने तिला इतकं लोकप्रिय केलं की फेंडरने १९९०च्या सुमारास ती तिथेच पुन्हा घडवायला घेतली. तुमच्या गिटारची किंमत अर्थातच कोबेनच्या गिटारसारखी नाही. पण जी काही आहे, ती मूळ रंग, मूळ पिकअप आणि न उकरलेलं लाकूड यांच्यावर उभी आहे. नवा रंग दिला की ती बरीच घसरते, आणि नवा थर जाड बसला तर आवाजही दबतो असं माझं मत आहे.

कागदपत्रांची एक बाब भावाला आत्ताच सांगा. फेंडर साठच्या दशकाच्या मध्यापर्यंत फ्रेटबोर्डला ब्राझीलचं रोजवूड वापरत, नंतर भारतीय रोजवूड, म्हणजे आपलं शिसवी लाकूड. १९६६ नेमकं त्या सांध्यावर येतं. भारतीय असेल तर चिंता नाही. धोक्यातल्या प्राणी-वनस्पतींच्या व्यापारावरच्या सीआयटीईएस या आंतरराष्ट्रीय कराराच्या नियमांत २०१९ पासून तयार वाद्यांना सूट आहे. ब्राझीलचं मात्र १९९२ पासून पहिल्या परिशिष्टात आहे आणि सीमेपलीकडे नेताना परवाना लागू शकतो. तिथल्याच एखाद्या गिटार कारागिराकडून लाकूड ओळखून घ्यावं आणि मगच तिकीट काढावं.

त्या शिक्षिकेचा जुना ॲम्पही (गिटारचा आवाज मोठा करणारा ॲम्प्लिफायर) मिळत असेल तर घ्या, पण तो १२० व्होल्टचा असतो. इथल्या २३० व्होल्टवर थेट लावला तर जळेल, म्हणून त्याच्या वॅटच्या दीडपट क्षमतेचा स्टेपडाउन ट्रान्सफॉर्मर आधी आणून ठेवा. गिटारला स्वतःला वीज लागत नाही, तिचा प्रश्न नाही.

निघताना भावाने तारा एक-दोन सूर उतरवाव्यात, पण पूर्ण काढू नयेत; तारांचा ताण गेला की ब्रिज सुटून पेटीत गडबडतो. ट्रेमोलोची दांडी काढून घ्यावी. ती बाजूच्या एका अगदी छोट्या ॲलन स्क्रूवर धरलेली असते आणि जुन्या मस्टँगवर हरवलेला असतो तो हाच स्क्रू. दांडी आणि स्क्रू एका पाकिटात घालून ते पाकीट पेटीत न ठेवता खिशात ठेवावं. घरी आल्यावर पहिला दिवस पेटी बंदच राहू द्या, लाकडाला पेटीतच इथल्या हवेची हळूहळू सवय होऊ द्या. दुसऱ्या दिवशी दहा नंबरच्या तारा चढवा, ब्रिज सरळ उभा करा आणि पहिला एफ मुलीलाच धरू द्या.